सासऱ्यांच्या तळव्याची जखम आणि नॅनोफायबरची पट्टी

मालवण तालुक्यातील किनाऱ्यावरच्या एका गावातून एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. पत्र मोठे असल्याने त्यातील मुख्य भाग तेवढा इथे देतो.

“माझे सासरे ६१ वर्षांचे आहेत आणि बारा वर्षांपासून त्यांना मधुमेह आहे. सव्वादोन महिन्यांपूर्वी होडी वर ओढताना उजव्या तळव्याला, अंगठ्याच्या बुडाशी, कालवाची शिंप लागली. आधी हळद आणि खोबरेल लावले, मग गावातल्या डॉक्टरांकडून गोळ्या आणि मलम आणले. रोजची पट्टी मीच बदलते. जखम आता दोन रुपयांच्या नाण्याएवढी झाली आहे, कडेने जाड पांढरी कातडी आली आहे, वास येतो, आणि चार दिवसांपासून पाय घोट्यापर्यंत सुजून लाल दिसतो. दुखत मात्र अजिबात नाही, त्यामुळे ते कोणाचे ऐकत नाहीत आणि रोज बंदरावर जातात. तीन महिन्यांची सरासरी साखर, एचबीएवनसी, १०.२ आली आहे. माझे यजमान मुंबईला असतात. त्यांनी नॅनोफायबर ड्रेसिंगची, म्हणजे अतिसूक्ष्म तंतूंच्या पट्टीची, माहिती पाठवली आहे आणि मधुमेहाच्या चिघळलेल्या जखमा त्याने लवकर भरतात असे त्यात लिहिले आहे. एकेक पट्टी काही हजारांना पडेल, पण पैशांची सोय करू असे ते म्हणतात. ती मागवावी का?”

ताई, पट्टीच्या प्रश्नाकडे मी येणारच आहे, कारण तो टाळण्यासारखा नाही. पण घोट्यापर्यंत आलेली सूज आणि लाली वाचल्यावर मी त्याच संध्याकाळी तुम्हाला निरोप दिला होता, की सासऱ्यांना सकाळच्या पहिल्या गाडीने ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात न्या, तिथे सोय झाली नाही तर गोव्यातले बांबोळीचे सरकारी रुग्णालय गाठा, आणि ताप किंवा हुडहुडी भरली तर सकाळची वाटही पाहू नका. तोच निरोप इथे पुन्हा लिहितो, कारण हे सदर वाचणाऱ्या आणखी एखाद्या घरातही असा पाय असू शकतो. जखमेच्या काठापासून दोन सेंटिमीटरच्या पलीकडे लाली पसरली, पाय सुजला, वास येऊ लागला किंवा कातडी काळी पडू लागली, तर संसर्ग जखमेपुरता उरलेला नसून आतल्या थरांत शिरला आहे असे समजावे, आणि अशा पायाला घरची कोणतीही पट्टी पुरी पडत नाही. किनाऱ्यावरच्या लोकांना आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. खाऱ्या पाण्यात पाय बुडवला की जखम सुकते हा समज आपल्याकडे फार जुना आहे, पण कोमट समुद्राच्या आणि खाडीच्या पाण्यात व्हिब्रिओ जातीचे जिवाणू असतात, आणि त्यांपैकी व्हल्निफिकस नावाचा प्रकार मधुमेही किंवा यकृताचा आजार असलेल्या माणसाच्या उघड्या जखमेत शिरला तर काही तासांत फोड येऊन जिवावर बेतू शकते. सासऱ्यांनी या दिवसांत पाण्यात पाय घालता कामा नये. पावसाळ्यातल्या शेताच्या चिखलालाही हेच लागू आहे, तिथे लेप्टोची भीती आहे.

आता “दुखत मात्र नाही” या तुमच्या वाक्याविषयी. घरच्यांना त्यातून दिलासा मिळतो, मला मात्र तुमच्या पत्रातली सर्वांत काळजीची ओळ तीच वाटली. शिंपेने कापलेल्या तळव्यावर माणूस सव्वादोन महिने चालतो आणि त्याला काही कळत नाही, याचा अर्थ बारा वर्षांच्या साखरेने पायाच्या मज्जातंतूंची जाणीव मारली आहे. जाणीव शाबूत असलेला माणूस दुखऱ्या पायावर टेकत नाही, तो लंगडतो, आणि त्या लंगडण्यामुळेच त्याची जखम भरते. तुमच्या सासऱ्यांचा पाय लंगडत नाही, म्हणून प्रत्येक पावलागणिक शरीराचा भार नेमका त्या नाण्याएवढ्या जागेवर पडतो आणि दिवसभरात तिथे उगवलेली नवी पेशी संध्याकाळपर्यंत चिरडली जाते. कडेची जी जाड पांढरी कातडी तुम्ही लिहिली आहे, तो त्या दाबानेच आलेला घट्टा आहे.

माझ्या उमेदवारीच्या काळातली एक चूक सांगतो. मी तेव्हा ज्या रुग्णालयात होतो, तिथे एका खलाशाच्या तळव्याच्या जखमेवर मी सहा आठवडे चांदीचा अंश असलेल्या महागड्या पट्ट्या लावल्या. त्याच्या बायकोने त्यासाठी कानातले गहाण टाकले होते, हे मला नंतर कळले. जखम तसूभरही हलली नाही. एके दिवशी पट्टी बदलताना त्याची रबरी सपाता खाटेखाली उलटी पडलेली दिसली, म्हणून उचलून उजेडात धरली. अंगठ्याच्या बुडाखाली ती झिजून कागदासारखी पातळ झाली होती, मधोमध आरपार भोक होते आणि त्या भोकाची जागा त्याच्या जखमेशी तंतोतंत जुळत होती. सहा आठवडे मी जखमेकडे पाहिले, त्या पायात काय असते ते पाहिले नाही. त्यानंतर पायावरचा भार काढला, पट्टी साध्या जाळीच्या कापडाची ठेवली आणि जखम भरू लागली. तेव्हापासून पट्टीआधी चप्पल पाहण्याची मला सवय आहे, आणि तुम्हालाही माझी विनंती आहे, की रुग्णालयात जाताना सासऱ्यांची रोजची चप्पल पिशवीत घालून न्या.

आता नॅनोफायबरकडे येतो. तुमच्या यजमानांनी पाठवलेली माहिती थोतांड नाही, आणि त्यामागचे शास्त्र मला मनापासून आवडते. विरघळवलेले बहुवारिक, म्हणजे पॉलिमर, एका बारीक सुईतून हळूहळू सोडतात आणि सुई व समोरची धातूची पट्टी यांच्यामध्ये साधारण दहा ते तीस हजार व्होल्टचा विद्युतदाब देतात. सुईच्या टोकावरचा थेंब त्या ओढीने शंकूसारखा ताणला जातो, त्याच्या अग्रातून एक बारीक धार सुटते, ती हवेत चाबकासारखी फिरत फिरत ताणली जाते, वाटेतच द्रावक उडून जातो आणि पट्टीवर सुकलेल्या तंतूंचा पांढरा, मऊ थर जमतो. या युक्तीची पहिली पेटंट अमेरिकेत १९०२ मध्ये घेतली गेली होती, थेंबाच्या त्या शंकूचे गणित ब्रिटिश शास्त्रज्ञ जेफ्री टेलर यांनी १९६४ मध्ये मांडले, आणि १९९० च्या दशकापासून वैद्यकशास्त्राने ही पद्धत मनावर घेतली. माणसाचा केस पन्नास हजार ते एक लाख नॅनोमीटर जाड असतो, तर हे तंतू बहुधा काही शे नॅनोमीटरचे असतात. आपल्या कातडीखाली पेशींना आधार देणारी जी कोलॅजेनची जाळी असते, तिचे धागेही जवळपास याच मापाचे असतात, आणि म्हणूनच नव्या पेशींना हा थर परका वाटत नाही, त्या त्याला धरून जखमेवर सरकू शकतात. थरातली छिद्रे इतकी बारीक असतात की वाफ आणि हवा आरपार जाते, पण बाहेरच्या जिवाणूला सहज आत शिरता येत नाही. शिवाय तंतू इतके बारीक असल्याने थोड्याशा पट्टीतही पृष्ठभाग प्रचंड मिळतो, आणि त्यात प्रतिजैविक, चांदीचे कण, झिंक ऑक्साइड किंवा पेशींची वाढ करणारी प्रथिने भरून ती दिवसेंदिवस हळूहळू सोडता येतात.

या तंतूंसाठी वापरल्या जाणाऱ्या पदार्थांत कायटोसान नावाचा एक पदार्थ आहे, आणि तो कोळंबीच्या व खेकड्याच्या कवचांपासून काढतात. तुमच्याकडे सुंगटे सोलल्यावर साली माडाच्या मुळाशी टाकतात, त्याच सालींतल्या कायटिनवर अल्कलीची प्रक्रिया केली की कायटोसान मिळते. ते रक्त थांबवते, आणि त्याच्यावरच्या धन विद्युतभारामुळे जिवाणूंच्या बाहेरच्या आवरणाला इजा होते. हळदीतले करक्युमिनही अशा तंतूंत भरून पाहिले गेले आहे. पण म्हणून डब्यातली हळद जखमेवर दाबू नका. प्रयोगशाळेत ते द्रव्य शुद्ध करून, मोजून, निर्जंतुक तंतूत घातलेले असते. स्वयंपाकघरातल्या हळदीबरोबर धूळ आणि बुरशी आत जाते, तिची खपली धरते आणि खाली पू साचतो तो दिसत नाही.

मग अडते कुठे? या पट्ट्यांची कौतुके ज्या प्रयोगांतून आली आहेत, त्यांतले बहुसंख्य प्रयोग उंदरांवर झाले आहेत. औषध टोचून उंदराला मधुमेह आणतात, त्याच्या पाठीवर एक स्वच्छ, गोल, ताजी जखम करतात आणि त्यावर पट्टी लावतात. उंदराची कातडी सैल असते आणि तिच्याखाली स्नायूचा एक पातळ थर असतो, त्यामुळे त्याची जखम मुख्यतः काठ आक्रसून मिटते, तर माणसाच्या तळव्याची जखम तळातून नवे मांस भरत आणि वरून कातडी सरकत मिटावी लागते, ज्याला कितीतरी अधिक वेळ लागतो. त्या उंदराच्या रक्तवाहिन्या बारा वर्षांच्या साखरेने आणि बिडीने अरुंद झालेल्या नसतात, त्याच्या जखमेखाली कुजलेले हाड नसते, आणि मुख्य म्हणजे तो पाठीवर चालत नाही. पाठीवरच्या त्या जखमेत जे दिसते ते होडी ओढणाऱ्या माणसाच्या तळव्यावर तसेच दिसेल, असे धरून चालता येत नाही. नॅनोफायबरच्या थोड्या उत्पादनांना अमेरिकेत परवानगी मिळून ती माणसांच्या जखमांवर वापरात आली आहेत. त्यांतल्या एकाचे तंतू तर आम्ही शस्त्रक्रियेत जे विरघळणारे टाके घालतो त्याच पदार्थांचे आहेत. पण तीही सर्जनने साफ केलेल्या आणि संसर्ग आटोक्यात आलेल्या जखमेवर ठेवायची असतात. सडलेल्या भागावर आणि पुवावर अंथरलेली उत्तम पट्टी झाकणाचेच काम करते.

त्यामुळे रुग्णालयात काय व्हायला हवे ते सविस्तर लिहितो. घट्टा आणि मेलेले मांस धारदार हत्याराने काढून जखमेचा खरा तळ उघडा करावा लागेल. जखम आधी दिसत होती त्यापेक्षा मोठी दिसू लागली म्हणून घाबरू नका. जुन्या जखमेतले जिवाणू स्वतःभोवती चिकट आवरण विणून राहतात, त्याला बायोफिल्म म्हणतात, आणि औषध त्यातून नीट आत जात नाही, म्हणून ते खरवडून काढावेच लागते. साफ केलेल्या तळातून मांसाचा छोटा तुकडा तपासणीला पाठवायला सांगा. वरवर फिरवलेल्या कापसाच्या बोळ्यापेक्षा त्याचा अहवाल भरवशाचा असतो, आणि योग्य प्रतिजैविक त्यावरूनच ठरते. डॉक्टर निर्जंतुक सळईने तळ चाचपून हाड लागते का ते पाहतील आणि एक्स-रे काढतील. हाडाला कीड लागली असली तरी पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रे निर्दोष दिसू शकतो, म्हणून तो पुन्हा काढायला सांगितला तर कंटाळू नका. मऊ भागापुरता संसर्ग असेल तर प्रतिजैविके बहुधा एक ते दोन आठवडे पुरतात, हाडात असेल तर सहा आठवड्यांपर्यंत घ्यावी लागतात. संसर्ग गेल्यावर, जखम भरायची बाकी असली तरी, ती थांबवतात. हे डॉक्टरांनी ठरवायचे आहे, घरी उरलेल्या गोळ्या चालू ठेवायच्या नाहीत.

रक्तपुरवठ्याची तपासणी करून घेतल्याशिवाय परतू नका, असे मी आग्रहाने सांगतो. पायाच्या नाड्या हाताने पाहणे, घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब ताडून पाहणे आणि गरज पडल्यास डॉपलर, म्हणजे ध्वनिलहरींनी रक्तप्रवाहाची तपासणी, करणे, एवढ्याने पुष्कळ कळते. मधुमेही माणसाच्या रक्तवाहिन्यांत चुना साठून त्या कडक झालेल्या असतील तर घोट्याचा दाब खोटा चांगला येतो, तेव्हा पायाच्या बोटाचा दाब पाहतात. रक्त पोहोचत नसेल तर ती वाहिनी मोकळी करणे हे पहिले काम ठरते. आणि सासरे बिडी ओढत असतील तर ती त्याच दिवशी बंद व्हायला हवी. मी हे सासऱ्यांना समोर बसवून सांगितले असते. तुम्हाला ते सांगणे अवघड आहे हे मला कळते, म्हणून यजमानांनी मुंबईहून येऊन सांगावे.

पट्टीविषयी आणखी एक खुलासा करतो, कारण दुकानात गोंधळ होतो. नॅनोसिल्व्हर असे लिहिलेली मलमे आणि जेल सर्रास मिळतात, ती नॅनोफायबर नव्हेत. त्यांत चांदीचे सूक्ष्म कण असतात, तंतूंची जाळी नसते. मधुमेही पायावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय कार्यगटाच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत, जखम लवकर भरावी एवढ्याच हेतूने चांदीच्या किंवा अन्य जंतुनाशक पट्ट्या वापरू नयेत असे म्हटले आहे. पट्टीचा काहीच उपयोग नसतो असे मात्र नाही. सुक्रोज ऑक्टासल्फेट या द्रव्याच्या पट्टीची युरोपात २४० रुग्णांवर नीट चाचणी झाली आणि २०१८ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वीस आठवड्यांत त्या पट्टीच्या गटातल्या ४८ टक्के रुग्णांच्या जखमा मिटल्या, तर तशाच पण औषधाविना पट्टीच्या गटातल्या ३० टक्क्यांच्या मिटल्या. हा फरक मोलाचा आहे. पण ते सर्व रुग्ण संसर्ग नसलेले होते, आणि दोन्ही गटांत जखमेची सफाई व भार काढणे चालूच होते. नॅनोफायबरच्या पट्ट्यांनीही माणसांच्या पायांवर अशी मोठी परीक्षा द्यावी, असे मला फार वाटते, आणि तीत त्या उतरल्या तर मी त्या पहिल्यांदा वापरणाऱ्यांत असेन.

तोवर घरी काय करायचे? तुम्ही रोज पट्टी बदलता हे फार मोठे काम आहे आणि ते नेटके करणे जमण्यासारखे आहे. हात साबणाने धुवा, जखम बाटलीतल्या निर्जंतुक सलाइनने धुवा, हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा स्पिरिट ओतू नका, कारण ते नव्या पेशींनाही मारते. जखम उघडी ठेवून वाळवायची नाही. १९६२ मध्ये संशोधक जॉर्ज विंटर यांनी डुकरांवरच्या प्रयोगात दाखवले होते, की ओलसर ठेवलेल्या जखमेवर कातडी सुकवलेल्या जखमेच्या जवळपास दुप्पट वेगाने येते. म्हणून डॉक्टर सांगतील त्या जाळीची ओल टिकवणारी पट्टी लावा, पण आजूबाजूची कातडी भिजून पांढरी पडणार नाही इतपतच. जुन्या लुगड्याची चिंधी कितीही मऊ असली तरी वापरू नका. पाय गरम पाण्यात शेकायला देऊ नका, त्यांना चटका कळणार नाही.

संसर्ग ओसरला आणि रक्तपुरवठा पुरेसा आहे असे ठरले, की भार काढण्यासाठी गुडघ्यापर्यंतचे, काढता न येणारे प्लास्टर किंवा बूट सुचवला जाईल. त्याला नकार देऊ नका. तमिळनाडूत वेल्लोरला शल्यचिकित्सक पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या बधिर पायांवर अशा प्लास्टरने जखमा भरून दाखवल्या, आणि तेच ज्ञान पुढे मधुमेही पायांच्या कामी आले. प्लास्टर म्हणजे दीड-दोन महिने बंदर बंद, आणि घराचे उत्पन्न बंद, हे मी जाणतो. पट्ट्यांसाठी जमवलेले पैसे या दोन महिन्यांच्या घरखर्चासाठी ठेवा, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. शस्त्रक्रियेची गरज पडली तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा आणि शिधापत्रिका बरोबर ठेवा. जखम भरल्यावर एमसीआर या मऊ, सूक्ष्म छिद्रांच्या रबराची, मागे पट्टा असलेली चप्पल घरातही आणि खळ्यातही पायात असावी.

खाण्याबद्दल तुम्ही विचारले नाही, पण जखम असली की घरोघरी मासे बंद करतात, म्हणून लिहितो. मासे खाऊन पू होत नाही. जखम भरायला प्रथिने लागतात, आणि बांगडा, तारली ही तुमच्या दारातली उत्तम प्रथिने आहेत. मूत्रपिंडाच्या तपासण्या ठीक असतील तर ती बिनघोर द्या. उकड्या तांदळाची पेज मात्र सकाळ-संध्याकाळ वाडगाभर नको. आणि इन्शुलिन सुरू करायला सांगितले तर “आता शेवटचे औषध आले” असे समजू नका. साखर इतकी वर असताना पांढऱ्या पेशी जिवाणूंशी नीट लढत नाहीत, म्हणून ते दिले जाते.

एक काम आजपासून करा. स्वच्छ पारदर्शक प्लास्टिकचा दुहेरी तुकडा जखमेवर अलगद धरून, तिचा काठ शाईच्या पेनने गिरवा, जखमेला टेकलेला थर कापून टाका आणि उरलेल्या थरावर तारीख घाला. त्यासाठी प्लास्टिकची पिशवी चालते. दर आठवड्याला एक रेखाटन करा. चार आठवड्यांत जखमेचे क्षेत्रफळ निम्म्याने कमी झाले तर ती साध्या उपचारांनी बारा आठवड्यांत भरण्याची आशा चांगली असते. भार काढला, रक्तपुरवठा तपासला, संसर्ग गेला, आणि तरीही चार आठवड्यांत ती निम्मी झाली नाही, तर पुढच्या पट्ट्यांचा विचार करायची वेळ येते. त्या वेळी सर्जननी नॅनोफायबरची पट्टी सुचवली, तर ही कशासाठी, किती वेळा बदलायची आणि किती आठवड्यांत फरक दिसला नाही तर थांबायचे, हे तीन प्रश्न त्यांना विचारा. वेष्टनावर निर्जंतुक असल्याची खूण, मुदतीची तारीख आणि वैद्यकीय उपकरणांच्या २०१७ च्या नियमांनुसार परवाना क्रमांक आहे का ते पाहा. परस्पर ऑनलाइन मागवू नका. चारही रेखाटने मला पाठवा, त्यांवर तारखा असू द्या, म्हणजे त्या पट्टीचा प्रश्न आपण तुमच्या सासऱ्यांच्या पायाचा नकाशा समोर ठेवून पुन्हा घेऊ.